पहिल्या जलशाची जाहिरात

महाडच्या आनंदविलास सभागृहात पस्तीस वर्षांत गाण्याचे जेवढे जलसे झाले, त्या सगळ्यांच्या भिंतीवर डकवायच्या जाहिराती रावजी कारकुनाकडे होत्या. फक्त पहिल्या जलशाची नव्हती, आणि त्या एकीपायी बाकीच्या दोनशे बारा त्याला गोड लागत नव्हत्या. गाण्यातलं त्याला काही कळत नसे. कागदातलं कळतं असा त्याचा समज होता, आणि तो खोडून काढणारं महाडात कुणी नव्हतं.

गेल्या महिन्यात पोलादपूरकडचा मालोजी तीच जाहिरात घेऊन त्याच्या दारात आला. जाड, निळसर कागद. मालोजीचा बाप त्या जलशात तबल्याला होता. गवयाच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. मालोजीला वाचता येत नसे, पण त्या नावावर बोट बरोबर ठेवता येई. घरात वाळवी लागली होती, म्हणून त्याला ती जाहिरात रावजीकडे जपायला द्यायची होती. रावजीने तळाशी छापखान्याचं नाव शोधलं, ते सापडलं नाही, आणि निकाल दिला: ही अस्सल नव्हे, मागाहून कुणीतरी हौसेनं छापून घेतलेली. मालोजीने बापाच्या नावाचं विचारलं. हौसेला काय, कुणाचंही नाव घालतात, असं रावजी म्हणाला. मालोजीने घडी घातली आणि तो एस.टी. पकडायला गेला.

परवा चहाच्या दुकानात जहांगीरचाचा भेटला. त्याने जन्मभर खळ लावून त्या जाहिराती डकवलेल्या. तो सहज बोलून गेला की पहिल्या जलशाला घाईत छापखान्याचं नाव घालायचंच राहिलं होतं, आणि त्यावरून सभागृहाच्या मालकाने छापखानेवाल्याची भर बाजारात शोभा केली होती. रावजीचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एस.टी.नं पोलादपूरला उतरला आणि दोन मैल चढ चढून गेला. अंगणात मालोजीची बायको ठमाबाई लिंपलेल्या टोपल्या उन्हात फिरवत होती. जुना कागद भिजवायचा, मेथी घालून कुटायचा आणि झिजलेल्या टोपल्यांना लिंपायचा. मग टोपली दहा वर्षं बघायला नको. रावजीला विचारायची गरज उरली नव्हती. तरी त्याने विचारलं.

"तुमीच म्हनलात ना, खोटी हाय म्हनून," ठमाबाई म्हणाली. "कागद मातर जाड व्हता. दोन टोपल्या झाल्या."

रावजीने एका टोपलीत बोट फिरवलं. रंग निळसर होता, वास मेथीचा होता, आणि अक्षर एकही नव्हतं.

"खरी होती, मालोजी," तो म्हणाला.

मालोजी पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "तसं लिवून द्या. बाबांनी वाजवलं व्हतं म्हनून."

रावजीने पिशवीतून कोरा कागद काढला, लिहिलं, सही केली, तारीख घातली. बापाचं नाव तेवढं मोठ्या अक्षरांत काढलं. मालोजीने विचारलं, कुठं हाय? रावजीने दाखवलं. मालोजीने त्यावर बोट ठेवून पाहिलं आणि कागद बायकोकडे दिला.

ठमाबाईने तो चिमटीत धरून चाचपला.

"पातळ हाय," ती म्हणाली.