चिमूटभर कमी

अंगावरचा बर्फ झटकायच्या आधीच मात्सुएने दारातून विचारलं, "यासुनो, तुझ्याकडे जुना मिसो आहे का गं? पूर्वीसारखा, खारट?"

यासुनो शेगडीपाशी बसून सोयाबीन निवडत होती. मी शेजारचा, तिथेच पाय शेकत बसलो होतो. हवालदाराने घरी येऊन चोरीचा माल उसना मागावा, तसं ते झालं. यासुनोने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

"कुणाला धरायला आलीस?" यासुनोने विचारलं.

"कुणाला नाही. ह्यांना हवाय."

'ह्यांना' म्हणजे सेइकिचीला. तिच्या नवऱ्याला, माझ्या लहानपणापासूनच्या मित्राला. त्याच्या पोटात गाठ होती, आणि तो इस्पितळातून घरी आला होता तो बरा होऊन नव्हे.

हे नीट कळायचं तर आमच्या गावचं जुनं सूप माहीत हवं. आमच्या लहानपणी घरोघरी मिसो घरचाच. उकडलेलं सोयाबीन कुटायचं, विरजण आणि मीठ मिसळून लाकडी पिंपात दाबायचं आणि दोन-तीन हिवाळे विसरून जायचं. मीठ किती, तर हात दमेपर्यंत. रोज सकाळी त्याचंच सूप. सेइकिचीच्या आईच्या, म्हणजे कुरा आजीच्या सूपात इतकं मीठ की कच्चं अंडं तरंगायचं, हे मी स्वतः पाहिलंय. उरलेलं सूप अंगणात फेकलं की त्या जागी पुढच्या वर्षीसुद्धा बर्फ धरत नसे. कुणी रडलं की गालांवर पांढरी पापडी यायची, आणि आमच्या गावातून प्रेत निघालं की शेजारगावच्या गायी चाटायला मागोमाग यायच्या. गायींचं मी थोडं वाढवून सांगतोय. बाकी खरं आहे.

प्रेतं मात्र पुष्कळ निघायची. हिवाळ्यात पहाटे अंगणापलीकडे संडासाला गेलेला माणूस परत येईलच असं नसे. डोक्यातली नस फुटायची आणि तिथेच आडवा. आम्ही म्हणायचो, थंडीने गेला. सेइकिचीचा बाप तसा गेला, मग थोरला भाऊ गेला. त्या भावाला बर्फातून उचलून घरात आणताना पायांची बाजू मात्सुएने धरली होती. लग्न होऊन तिला पुरतं वर्षही झालं नव्हतं.

पुढे आरोग्य केंद्राने गावोगावच्या काही बायकांना शिकवून तयार केलं आणि सूपातलं मीठ मोजायचं यंत्र हातात दिलं. आमच्या गावातून मात्सुए. न्याहारीच्या वेळेला ती रस्त्यावर दिसली की घराघरांतून पातेली लपायची. यासुनो तर तिची पावलं ऐकून सूपात गरम पाणी ओतायची, तरीही यंत्र लाल व्हायचं. एकदा ते यासुनोच्या वाडग्यात बुडवलं आणि कायमचं बंद पडलं, असं मात्सुए सांगते. यासुनो म्हणते, ते आधीच बिघडलेलं होतं.

मात्सुए कुणावर ओरडली नाही. भाषण केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची, हे भाषणाहून वाईट. तिची युक्ती साधी होती. दर हिवाळ्यात नवा मिसो घालताना मागच्यापेक्षा चिमूटभर मीठ कमी. आणि सूपात पाणी कमी, भाजी जास्त. मुळा, गाजर, बटाटा, रानातली अळिंबी, सोयाबीनचं पनीर, परसातला पाला, सगळं सालासकट. सोबत कोंडा न काढलेल्या तांदळाचा भात, तोही चावून चावून जबडा दुखेल असा. सेइकिची रोज सकाळी नातवंडांसमोर म्हणायचा, "ही भाज्यांची आंघोळ आहे. आंघोळीचं पाणी पितोय मी." आणि वाडगं रिकामं करून पुन्हा पुढे करायचा.

म्हातारे मग पडेनासे झाले. मठातल्या भिक्षूला अंत्यविधी मिळेनात, तो बिचारा टोमॅटो लावायला लागला. मी ह्या वयात छपरावरचा बर्फ ओढतो तो मात्सुएमुळेच, हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्या डोक्यात हवा गेली असती.

तर अशा बाईला डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं, आता पथ्य नको. जे मागतील ते द्या. मात्सुएला ते ऐकून हातातलं काम कुणी काढून घेतल्यासारखं झालं. सेइकिची काहीच मागत नव्हता. सून चिहारु पेज करायची, मऊ भोपळा करायची, तो मान वळवायचा. पाण्याने ओठ ओले करण्यावर आला होता. मग एका सकाळी तो आपणहून बोलला.

"आईसारखं सूप कर. एकदाच."

मात्सुए जवळजवळ पळत स्वयंपाकघरात गेली. तिचा मिसो फिका, म्हणून तिने त्यात मीठ टाकलं. सेइकिचीने ओठ लावले आणि म्हणाला, हे समुद्राचं आहे, आईचं नाही. तिने आणखी टाकलं, सोया सॉस ओतला, लोणच्याचं पाणी ओतलं. प्रत्येक वेळी तो ओठ लावायचा आणि नम्रपणे मान हलवायचा. त्याचा तो नम्रपणा तिला सहन होईना. उभ्या जन्मात तो तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवताना कधी नम्र नव्हता.

म्हणून ती यासुनोच्या दारात आली होती.

"तूच तर माझं पिंप ओतायला लावलंस," यासुनो म्हणाली.

"हो."

"मी रडले होते तेव्हा."

"माहीत आहे."

"मग आता कुठून आणू?"

मात्सुए पुढच्या घराकडे गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवसापासून सेइकिचीच्या घरी वाडग्यांची रांग लागली. जिने तिने आपापल्या आजीची आठवण काढून सूप केलं होतं. पण सगळ्यांची एकच तऱ्हा. मिठाची मूठ पातेल्यावर धरायची आणि मूठ उघडायचीच नाही. हात आपोआप मागे यायचा. एकीने डोळे मिटून टाकलं, तर मीठ पातेल्याबाहेर पडलं. मी बस पकडून खाली शहरातल्या दुकानात गेलो. तिथल्या पोरीला विचारलं, खारट मिसो आहे का. तिने मला आजारी समजून 'कमी मीठ' लिहिलेली पाकिटं दाखवली. एकाहून एक कमी.

मी येऊन मात्सुएला म्हटलं, "मात्सुएसान, तुम्ही शहरालासुद्धा सोडलं नाहीत." तिला हसवायला म्हटलं होतं. ती हसली नाही. मुळ्याचा पाला हातात घेऊन नुसती उभी होती.

मग एका दुपारी यासुनोने मला तिच्या कोठारात बोलावलं. भाताच्या पेंढ्यांमागे एक मातीची बरणी होती, तोंडाला कापड आणि वर दगड. त्या वेळी तिने मात्सुएसमोर ओतलं होतं ते अर्धंच पिंप. उरलेलं या बरणीत दडपून ठेवलं. खायला नव्हे, म्हणाली, फक्त जिंकायला. नंतर विसरून गेली होती, आणि आठवल्यावर दोन दिवस लाज वाटत राहिली. आतला मिसो डांबरासारखा काळा झाला होता, कडेला मिठाचे खडे. बोटाला लागला तेवढा मी चाखला आणि एकदम सात वर्षांचा झालो. कुरा आजी माझ्या कानाला धरून म्हणत होती, पी आणि घरी जा.

"तूच घेऊन जा," यासुनो म्हणाली. "मी आले तर ती आभार मानेल. मला ते नको."

मात्सुएने वास घेतला आणि काही विचारलं नाही. कुरा आजीच्या पद्धतीने तिने पाण्यात वाळवलेला मुळ्याचा पाला टाकला, दुसरं काही नाही, आणि तो काळा मिसो विरघळवला. घरभर तो जुना वास पसरला. आतल्या खोलीतून सेइकिचीने ओळखला. मुलगा तादायोशी त्याला पाठीमागून धरून बसला होता, तो म्हणाला, बाबा आपणहून ताठ झाले.

वाडगं मात्सुएने त्याच्या ओठांशी धरलं. त्याने घोट घेतला. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होतो. घोट तोंडातच राहिला. मग त्याने तो कसाबसा गिळला, खोकला, आणि पुन्हा तोंड पुढे केलं. दुसरा घोट त्याला गिळता आला नाही. हनुवटीवरून खाली आला, चिहारुने पुसला.

"हे आईचंच आहे," तो म्हणाला.

"हो."

"खारट आहे गं. जात नाही."

मी वाडग्यातलं थोडं चाखून पाहिलं. अगदी तेच होतं, ज्यात अंडं तरंगायचं ते. आणि माझ्यानेही ते गिळवेना.

सेइकिची मात्सुएकडे बघत होता. रागाने नव्हे. आपलं घर कुणीतरी हलवून दुसरीकडे नेलंय आणि आपण आता बघतोय, असं.

"कधी केलंस हे?"

"हळूहळू," मात्सुए म्हणाली. "तुम्हाला कळू नये म्हणून."

त्याने डोळे मिटले. झोपला असं वाटलं तेव्हा म्हणाला, "मग तुझंच आण. आंघोळीचं पाणी."

मात्सुए उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काय करायचं ते माहीत होतं. मी तिच्यामागून जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो. तिने बर्फाखालून काढलेला मुळा धुतला आणि चिरायला घेतला. अगदी बारीक, त्याला चावावं लागू नये असा. गाजर, बटाटा, अळिंबी. फळीवर सुरीचा आवाज सारखा चालू होता.

आतल्या खोलीत चिहारुने "बाबा" अशी दोनदा हाक मारली. मग तीही गप्प झाली.

तादायोशी दारात येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी उठून टोपी काढली. मात्सुएने मागे वळून पाहिलं नाही. तिने दुसरा मुळा घेतला, तो चिरला, मग तिसरा घेतला. फळीवर जागा उरली नाही, तशी ती परातीत भरू लागली. घरात जेवणारी माणसं ती किती, आणि तिने सगळ्या गावाला पुरेल एवढा मुळा चिरून ठेवला. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. कुणी तिला पुरे म्हटलं नाही.