काळी पट्टी

लोणारच्या बसस्टँडमागे आल्हादचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. फ्लेक्सनं निम्मी कामं खाल्ली, तरी गडी खूश. दुपारी घरी जेवायचा, तासभर घोरायचा, ब्रश हाती आला की शीळ घालायचा.

एक गोष्ट मात्र सोळा वर्षं त्याच्या डोक्यात ठाण मांडून होती. शाळेच्या गुणवंत फलकावर दोन हजार चारसमोर त्याचं नाव होतं, दहावीला पहिला म्हणून. त्यानं इंजिनियरिंग सोडून ब्रश धरला, तेव्हा हेडमास्तर भालचंद्र सरांनी सगळी पोरं गोळा केली आणि स्वतःच्या हातानं त्या नावावर काळा रंग फासला. वाया गेलेल्याचं नाव इथं नको, म्हणाले. आल्हादची आई त्याच शाळेत खिचडी शिजवायची. ती काळी पट्टी तिनं मरेपर्यंत रोज पाहिली. आल्हादनं सरांना माफ केलं नाही आणि करायचंही नव्हतं.

यंदा शाळेची पन्नाशी. सर आता संस्थेचे सचिव. फलक नवा करायचा ठरला आणि आल्हादसारखं अक्षर गावात दुसऱ्या कोणाचं नव्हतं, म्हणून त्यालाच बोलावणं आलं. सरांनी यादी दिली. दोन हजार चारपुढे लिहिलं होतं, ‘निरंक’. शेवटचा रकाना ‘सध्या’चा; तो फोन करून भरायचा होता.

आल्हादनं निमूट यादी घेतली. प्रत्येकाला फोन केला, हुद्दा विचारला आणि वर विचारलं, सुखात हायेस ना? कोणी हो म्हणालं, कोणी हसलं, एकानं फोन ठेवला. दोन हजार सहाला पहिला होता सरांचाच मुलगा, विहंग.

“नाही,” तो म्हणाला. “लिहून टाक. बाबांले वाचू दे.”

समारंभात पडदा सरला. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. सरांनी चष्मा लावून वाचलं. दोन हजार चार, निरंक. त्याच्या दोन ओळी खाली दोन हजार सहा, विहंग भालचंद्र, इंजिनियर, पुणे. सुखात नाही.

“हे काऊन लिहिलं बे?”

“त्यानंच सांगतलं, सर.”

सर पुन्हा फलकाकडे वळले. आवाज पार खाली गेला होता. “पूस ते.”

आल्हादनं काळ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि त्यांच्यापुढे धरला.

“तुम्हीच पुसा. तुमचा हात बसलेला हाये.”

सरांचा हात पुढे आला नाही. आल्हाद ब्रश धरून उभा राहिला. त्याला काही घाई नव्हती.