दाराजवळची हलती फरशी

स्वयंपाकघराच्या दाराजवळची शेवटची फरशी पाय पडला की टक् करायची. निवृत्त हेडक्लार्क महिनाभर तिला ओलांडून जात होते. घर विकायला काढलेलं, चार पैसे जास्त यावेत म्हणून ही नवी फरशी. "ठेकेदार येऊन बसवेल," असं त्यांनी बायकोला चारदा सांगितलं. ठेकेदार येतोय कुठला? पूर्ण पैसे खिशात पडल्यापासून त्याचा फोन बंद होता.

मग नोटीस आली. ज्या कारागिराने फरशी बसवली, त्याला ठेकेदाराने दमडीही दिली नव्हती. त्याने सरळ घरावर दावा लावला होता. म्हातारपणी राहायला लेकीच्या शेजारची जागा घ्यायची ठरलेली, आणि दावा उठल्याशिवाय हे घर विकता येणार नव्हतं.

"अहो, पण मी पैसे दिलेत! ही पावती," हेडक्लार्क वकीलबाईंना म्हणाले.

"ही ठेकेदाराची. कारागिराची सही कुठाय? ज्याचं काम घराला लागलं, त्याचा घरावर हक्क राहतो. ठेकेदाराकडून वसूल करा, सापडला तर."

हे फार झोंबलं. तीस वर्षं कचेरीत दोन सह्यांशिवाय त्यांनी टाचण्यांचं बिलसुद्धा पुढे सरकू दिलं नव्हतं, साहेबांचंही नाही. पण ठेकेदार 'काका, काका' करत आला, चहाची तारीफ करून गेला, आणि आमच्या वाघाची शेळी झाली.

"शिकले तेवढे हुकले," बायको म्हणाली. नव्या जागेच्या बाल्कनीला काचा लावायला ठेवलेले पैसे तिने काढून दिले.

कारागीर आला. पन्नाशीचा माणूस, गुडघ्यांना रबराच्या गाद्या बांधलेल्या. पैसे घेतले, पावतीवर सही केली, दावा मागे घेतल्याच्या कागदावरही केली. मग कोणी न सांगता खाली बसून त्याने ती हलती फरशी उचलली. खाली सिमेंटचा ठिपकाही नव्हता.

"ही मुद्दाम तशी ठेवली होतीस?"

"आमच्यात शेवटची फरशी पैसे मिळाल्यावरच बसवतात. मालक विचारतो, ही का हलते? मग आम्ही सांगतो. तुम्ही विचारलंच नाहीत."

हेडक्लार्क भडकले. "आणि मी ठेकेदाराला पैसे दिले, तेव्हा कुठे होतास? तेव्हाच बोलायचं की!"

"इथंच होतो. फरशांमधले सांधे भरत होतो." कारागीर सिमेंट पसरत राहिला. "तुम्ही माझ्या डोक्यावरून त्याला पाकीट दिलंत. मला म्हणालात, जरा सरक."

हेडक्लार्कांना ते लख्ख आठवलं. बायकोसमोर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारागीर फरशी टेकवून वाकून पाहत होता, पण तिच्यावर त्यांची सावली पडत होती.

तो काही बोलायच्या आत ते बाजूला सरकले.