एकोणसाठावं घर

मी एक जुना शोधक आहे. जुना खरा, पण अजून एकदाही कामाला न लागलेला. मित्रांनो, हे असं का झालं, ते मलाही नीट सांगता येत नाही.

आम्ही जुळे भाऊ. परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या एका प्रयोगशाळेत जन्मलो. तळहाताएवढं अंग आणि त्यावर शंभर चिमुकली घरं. फार लांब एखादा तारा कोसळला की गॅमा किरणांचा झोत सुटतो. डोळ्यांना न दिसणारा तो उजेड आला की प्रत्येक घराने आकडा सांगायचा, एवढंच आमचं काम. पण एखादं घर काही न दिसताच बडबडत सुटतं. दोघांत ज्याचा दोष कमी, तोच उपग्रहावर बसून वर जाणार होता.

आम्हाला तापवून परीक्षा घेतली. जगदीशकाका पडद्यावर पाहून बडबड्या घरांचे नंबर सांगत होते. काका लालबागचे, मालवणी बोलणारे, मराठी शाळेतले. लिहून घेणारी ओवी गिरगावची, पण इंग्रजी शाळेतली. माझं तेविसावं घर बडबडलं. भावाचं कुठलं, तेही मी ऐकलं होतं. पण कागदावर वेगळंच उतरलं, तेव्हा माझंच ऐकण्यात चुकलं असेल असं वाटलं. कागदावरचं ते घर दुसऱ्या दिवशी ओवीने एकटीने पुन्हा तपासलं, तर अगदी गप्प! भाऊ निर्दोष ठरला आणि गेला. मी स्पंजाच्या डबीत बसलो.

दोन वर्षांनी एका दुपारी ओवी धावतच आली. भावाच्या आकड्यांत तिला वीस सेकंदांची उसळी दिसल्यासारखी वाटत होती. प्रमुख अभयसरांनी आलेख पाहिला, तर सगळी नुसती गिचमिड.

"काय उजेड पाडलाय याने!" सर म्हणाले. मला वाटलं, कौतुकच करतायत.

"सर, तासाभरात जगभर कळवायला हवं, नाहीतर दुर्बिणींना काही सापडणार नाही. माझा पहिलाच झोत आहे, सर."

"यावर कोण विश्वास ठेवील? सोडून दे."

ओवीचे डोळे भरून आले. काकांनी हातातला चहा खाली ठेवला. "एकोणसाठ वगळलंस ना गो? तापलं की बडबडायचं ता."

"काका, सिक्स्टी नाइन तर साफ निघालं होतं."

"अगो, एकोणसाठ म्हणजे फिफ्टी नाइन! साठाला एक कमी!"

ओवीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ते एक घर वगळलं. गिचमिड गेली आणि मधोमध वीस सेकंदांची उसळी उभी राहिली, उरलेल्या नव्व्याण्णव घरांनी एकदम सांगितलेली. सूचना वेळेत गेली. संध्याकाळी एका परदेशी दुर्बिणीला तिथेच विझत चाललेला ठिपका दिसला. सरांनी पेढे मागवले.

मी मात्र गोंधळात पडलो. नंबर बरोबर लिहिला असता, तर आम्ही दोघे सारखेच ठरलो असतो. मग वर कोण गेलं असतं? आणि मी गेलो असतो, तर नेमकं तेव्हाच माझं तेविसावं घर बडबडलं नसतं कशावरून? मला भावाचा आनंद होतोय की हेवा वाटतोय, तेही कळेना.

निघताना ओवीने माझी डबी उघडली. "सॉरी रे," ती हळूच म्हणाली. "तेव्हाच विचारायला हवं होतं. लाज वाटली."

मित्रांनो, ऐकलेलं कळलं नाही तर खुशाल पुन्हा विचारा. लोक हसतील, हसू द्या. एका न विचारलेल्या आकड्यात माझं आकाश गेलं. की ते माझं नव्हतंच? एवढं मात्र मला कुणाला विचारता येत नाही.