वर्तणुकीचा दाखला

राणीसावरगावच्या अलीकडे एका वाडीवर जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. त्रिवेणीबाई तिथे अकरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीला पाच महिने उरले असताना त्यांच्या नावाने एक पत्र आलं.

गंगाखेडकडच्या मुलींच्या एका निवासी शाळेला संगणक शिक्षक नेमायचा होता. आता नियम कडक झाले होते. मुलांजवळ काम करणाऱ्या माणसाला घेण्याआधी त्याच्या वागणुकीची माहिती आधीच्या ठिकाणाहून लेखी मागवायची आणि लिहिणाऱ्याने आपल्या सहीची जबाबदारी घ्यायची. पत्रात नाव होतं नागेशचं.

आठ वर्षांपूर्वी हा नागेश कंत्राटावर संगणक शिकवायला आला होता. एका दुपारी सातवीतली धम्मशीला ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. नखं कुरतडत म्हणाली, “बाई, मला कॉम्प्युटरच्या खोलीत नका पाठवू.”

बाईंनी कारण विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी तिला वर्गात जायला सांगितलं.

दोन दिवसांनी तिचे वडील सिद्धोधन आले. ते गवंडीकाम करत. पोरीने घरी सगळं सांगितलं होतं. बाईंनी दार लोटून घेतलं, त्यांना पाणी दिलं आणि समजावलं की पोलिसांत गेलं तर पोरीचंच नाव होईल, त्यापेक्षा त्या माणसालाच गुपचूप घालवून देते. निम्म्या गावाची घरं सिद्धोधननी बांधली होती, पण त्यांच्या मागे गावातलं कोण उभं राहणार होतं? ते मान खाली घालून गेले. आठवड्यात नागेशही गेला. जाताना त्याने दाखला मागितला, बाईंनी लिहिला: वर्तणूक चांगली. धम्मशीला परत शाळेत आली नाही.

तेव्हापासून परिपाठाला मुली मोजताना बाईंची एक मुलगी जास्त भरायची. पुन्हा मोजल्या की आकडा बरोबर यायचा. असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. पत्र आल्यापासून रोज होऊ लागलं. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या की मागे उंबऱ्यावर कुणीतरी आत यायची परवानगी मागत उभं आहे, असं वाटे. वळून बघायचं धाडस होत नसे.

राजेश्वरांनी, त्यांच्या नवऱ्याने, पत्र वाचून सल्ला दिला की ‘माहिती नाही’ एवढंच लिही, पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे. बाई मधल्या सुट्टीत तसं लिहायला बसल्या. ‘वर्तणूक’ हा शब्द लिहून झाला आणि खांद्याजवळ खोबरेल तेलाचा वास आला, ओल्या वेणीचा. ऑफिसात दुसरं कुणीच नव्हतं. बाईंनी कागद चुरगळला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या गंगाखेडच्या एसटीत बसल्या. धम्मशीला तिथे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कामाला होती. दुकानात तिघी मशीनवर बसल्या होत्या. त्यातली ती कोणती, हे बाईंना ओळखता येईना. त्यांच्या डोळ्यांपुढची मुलगी आठ वर्षं बारा वर्षांचीच राहिली होती. शेवटी धम्मशीलाच उठून बाहेर आली. उंच, चष्मा लावलेली, चेहऱ्यावर राग नाही की ओळखही नाही.

बाईंनी पत्राचं सांगितलं आणि तिचं नाव लिहू का, असं विचारलं.

तिने विचारलं, “तिथं पोरी किती हायत?”

“साठ.”

धम्मशीलाने गळ्यातली टेप काढून हातावर गुंडाळली. मग म्हणाली, “लिवा. माझं नाव लिवा. पर तुमचंबी लिवा. मी सांगायला आल्ते अन् तुमी मला माघारी धाडलं, हे लिवा.”

बाईंनी तिथेच बाकावर बसून सगळं लिहिलं, दोन पानं. एक प्रत त्या शाळेला पाठवली आणि दुसरी स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन दिली.

निवासी शाळेने नागेशला घेतलं नाही. पंधरा दिवसांत त्याला अटक झाली. माहिती असून कळवलं नाही म्हणून बाईंवरही गुन्हा दाखल झाला आणि त्या निलंबित झाल्या. राजेश्वर त्यांच्याशी बोलेनासे झाले.

जबाबाच्या दिवशी ठाण्याच्या व्हरांड्यात एका बाकावर बाई बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला सिद्धोधन. त्यांचे केस पिकले होते. धम्मशीला आत होती. ते समोर बघतच बोलले, “बाई, तवा मी तुमच्या शब्दावर घरी गेलो. आठ वर्सं झाली, पोरगी माझ्याशी नीट बोलायली न्हाई.”



धम्मशीला बाहेर आली. तिने बाईंकडे पाहिलं नाही. वडिलांजवळ जाऊन त्यांची पिशवी उचलली आणि म्हणाली, “चला आबा, उसाचा रस पिऊ.” सिद्धोधन चटकन उठले, जणू कुणीतरी त्यांना पुष्कळ दिवसांनी हाक मारली होती. दोघं फाटकातून बाहेर पडली.

आतून महिला शिपायाने त्रिवेणीबाईंचं नाव पुकारलं. दोनदा पुकारावं लागलं.