शिगेची पायली

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे. धान्य मोजायचं लाकडी माप. रिकामी दिसते म्हणून हलकी समजू नका. बाभळीच्या गाठीतून वाढ्यानं, म्हणजे सुतारानं, मला कोरलं, काठाला लोखंडी कडं बसवलं. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ.

पण मोजायची आमची रीत वेगळी. दाणे काठावर टोपीसारखे चढले पाहिजेत. त्याला शीग म्हणतात. माझी मालकीण मैनाबाई शीग लावल्याशिवाय माप उचलत नसे. लोक तिचं नाव घेत, मी फुगत असे.

मग दूर अमेरिकेत लढाई पेटली, इकडं कापसाला सोन्याचा भाव आला. तिच्या लेकानं, खुशालरावानं, साऱ्या वावरात कपाशीच पेरली. वर्षाची जवारी अकोल्याहून खंडीभर आणली. मैनाबाई मोजायला बसली. पहिल्या मापाला एक नाही, लाभ म्हणायचं. ‘लाभ, दोन, तीन...’ पंधरा मणांवर ढीग संपला.

"खंडी म्हंजे खंडीच असते, माय," खुशालराव म्हणाला.

"शिगेची का काठाबरोबर सपाट, इचारलं होतं काय?"

"कसं इचारू? यापाऱ्यापुढं गावंढळ दिसलो असतो."

"मंग आता सरकी रांधू काय तुयासाठी?"

तो पुन्हा अकोल्याला गेला. वऱ्हाडभर कापूसच पेरलेला. बाजारात जवारीचा दाणा नव्हता.

सालदार सहदेवाला वर्षाच्या कामाबद्दल शिगेच्या मापानं धान्य द्यायचं ठरलं होतं. खुशालराव शीग उतरवायला माझ्या काठावरून हात फिरवायला लागला, तशी मैनाबाईनं त्याचा हात धरला. "त्याच्या घरी लेकरं हायेत. शीग लाव." घरात मात्र ती मला सपाट भरी, मग काठाखाली. स्वतःच्या ताटाशी बसायची वेळ आली की म्हणे, "मले भूक नाई."

सून, शकुन, रडून विनवी. म्हातारी ऐकते कसली! नव्या जवारीची कणसं दाण्यात भरत होती, तेव्हा ती गेली.

आता मी कोपऱ्यात पडून आहे. उंदरांनी काठ कुरतडला. मित्रांनो, मला झाडूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. तुमची मापं वेगळी असतील, नावं वेगळी असतील. पण कुणी आकडा सांगितला तर तो कोणत्या मापाचा, एवढं विचारा. लोक हसतील, हसू द्या. खुशालरावानं विचारलं नाही; त्याला कुणी हसलं नाही.