वाटी कोणी धरायची

कौमुदीने एका चांदीच्या वाटीत पेढा ठेवला, दुसरीत बर्फी, आणि दोन्ही वाट्या भरतकामाच्या रुमालांनी झाकल्या. नणंद सानवी ज्या वाटीवरचा रुमाल उचलेल, त्यावरून मुलगा की मुलगी हे ठरवून बायका हसणार होत्या. खरं कोणी धरत नाही; पण डोहाळजेवणात या वाट्या पुढे करायचा मान सानवीने आपणहून फोनवर वहिनीला देऊन टाकला होता, आणि कौमुदीने त्यासाठी मुंबईत भांडून शूटिंगमधून सुट्टी घेतली होती.

ती तबक उचलणार तोच सासूबाई आत आल्या.

“राहू दे. वाट्या सलील धरेल.”

“सलील? आई, हे बायकांचं काम ना?”

“म्हणून तर गंमत येईल. सगळ्या जणी केव्हाच्या त्याला मागताहेत.” निरुपमाताईंनी तबक स्वतःकडे ओढलं आणि आवाज उतरवला. “शिवाय मथुराआत्यांना जरा कसंसं वाटतं गं. जुनी माणसं. त्या मालिकेत तू त्या पोटुशीला दूध दिलंस ना.”

दिलं होतं. केशर घालून, गोड हसून, थोरल्या जावेच्या तोऱ्यात. पण त्या दुधातली पूड आणून दिली होती मालिकेतल्या धाकट्या दिराने, आणि तो दीर म्हणजे सलील, तिचा सख्खा नवरा. त्याच्या खात्यावर शिवाय भावाचा खून, एक खोटं मृत्युपत्र आणि गोदामाची आग जमा होती. कौमुदीच्या खात्यावर दुधाचा एक पेला.

रावपुऱ्यातल्या त्या लहानशा हॉलमध्ये सलील नवरदेवासारखा मधोमध बसला होता. शेजारच्या मराठी-गुजराती बायकांनी त्याला घेरलं होतं.

“सलीलभाई, ती भुवई करा ने एकदा.”

त्याने भुवई उडवली. बायका खुशीत एकमेकींवर कलल्या.

“बिचाऱ्याला लहानपणी बापानं फार मारलं,” एकीने दुसरीला समजावलं, “म्हणून तो तसा झालाय.”

“आणि ती?”

“ती काय, मुळातच तशी.”

मुळातच तशी असलेली बाई त्यांच्या मागे पन्ह्याचे पेले घेऊन उभी होती. एकीने पेला घेतला, आत डोकावून पाहिलं आणि आपल्याच विनोदावर हसली. कौमुदीही हसली; हसावंच लागतं. सलीलने गर्दीतूनच तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले. मनावर घेऊ नकोस, लोक शिव्या देतात म्हणजे काम जमलं, असं तो नेहमी सांगे. त्याला सांगायला काय जात होतं? त्याला शिव्या मिळतच नव्हत्या. दुसऱ्या नट्यांचा हेवा तिने आजवर पुष्कळ केला होता, तो धंद्याचाच भाग. नवऱ्याचा असा पहिल्यांदाच वाटत होता, आणि तो घेऊन रात्री त्याच्याच शेजारी झोपायचं होतं.

ती स्वयंपाकघरात परतली. थोड्या वेळाने मथुराआत्या काठी टेकत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

“चहा टाक बाई. तिकडचा नुसता साखरेचा पाक आहे.”

कौमुदीने चहा केला. कप त्यांच्यासमोर ठेवला, पण हात काढला नाही.

“माझ्या हातचा चालेल?”

“न चालायला काय झालं?”

“वाट्या चालल्या नाहीत म्हणून विचारलं.”

आत्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

“निरूनं माझ्या नावावर खपवलं का? बरंय. म्हातारीच्या नावावर काहीही खपतं.”

“म्हणजे तुम्ही नाही?”

“मी ती मालिका लावते तेच तुझ्यासाठी. सलील काय, नुसत्या भुवया उडवतो.” त्यांनी बशी खाली ठेवली. “सानवीनं काल दुपारी आईला फोन केला होता. रडत होती. वहिनीला कळू देऊ नका म्हणाली.”

सानवी. कंपनीत मोठ्या हुद्द्यावरची, शकुन-अपशकुन म्हटलं की खो-खो हसणारी, मालिका बघायला मला वेळ कुठाय म्हणणारी सानवी. कौमुदीने गॅसची शेगडी पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

बाहेर एकदम गलका झाला. बर्फी निघाली होती. सलील वाटी उंच धरून सगळ्यांना दाखवत होता, जणू निकाल त्यानेच लावला होता. फोटोग्राफरने दारातून हाक मारली, “भाभी, तुम्ही पण या. सानवीबेनच्या बाजूला.”

कौमुदीने पदर सारखा केला आणि गेली. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत सानवी झोपाळ्यावर बसली होती. तिच्या एका खांद्यावर सलीलचा हात.

“किती दमलीस गं वहिनी,” ती म्हणाली. आवाजातली माया खोटी नव्हती. खोटी माया कशी असते ते कौमुदीला चांगलं ठाऊक होतं.

ती झोपाळ्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली. त्याबरोबर सानवीचा मांडीवरचा हात उठला, पोटावर गेला आणि बोटं पसरून तिथेच थांबला. सानवीला ते कळलंही नसावं. ती कॅमेऱ्याकडे पाहून हसत होती. सलील इतका वेळ तिला खेटून उभा होता, तेव्हा हाच हात निवांत फुलांच्या बाजूबंदाशी खेळत होता.

“भाभी, जरा अजून जवळ.”

कौमुदीने त्या बोटांकडे पाहिलं. मग ती एक पाऊल मागे सरली.

“इथूनच घ्या. मी उंच आहे ना, जवळ आले तर हिला झाकून टाकीन.”

“सरस,” फोटोग्राफर म्हणाला. “आता सगळे हसा.”

कौमुदी थांबली. सानवीचा हात सैल होऊन पुन्हा मांडीवर आला, आणि मग कौमुदी हसली.